नाव आपले, खोली आपल्या नावावर



आरक्षण हा शब्द निघाला की आपल्या घरात बोलणे सुरू होते ते नोकरीचे आणि प्रवेशाचे. आज मात्र मी लॉजच्या खोलीच्या आरक्षणाविषयी लिहिणार आहे. सोबत परमुलखातला फोन आणि बँकेचे कार्ड. विषय किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही.

1917 साली बाबासाहेब अमेरिका आणि लंडन येथे शिकून बडोद्याला नोकरीवर गेले. त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी धर्मशाळेच्या वहीत खोटे पारशी नाव नोंदवून ते राहिले. दिवसाला दीड रुपया भाडे भरत होते. तरी अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. विद्या होती, पगार होता, पण वहीत स्वतःचे नाव लिहिण्याची सोय नव्हती.

आज ती सोय आहे. पण आपण ती नीट वापरतो का? दोन वर्षांपूर्वी गोरेगावहून आम्ही 19 जण लुंबिनीला गेलो. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सोनौलीची सरहद्द आणि पुढे भैरहवा. लॉजचे सगळे बोलणे मी फोनवर केले होते, कागद घेतला नव्हता. रात्री पोचलो तर मॅनेजर म्हणाला, तुमच्या नावाची नोंदच नाही. म्हाताऱ्या बाया गाठोड्यांवर बसून राहिल्या. एका विहाराने सभागृहात पथाऱ्या टाकू दिल्या म्हणून निभावले. चूक लॉजची होती तशी माझीही होती. आयुष्यभर कचेरीत कागद सांभाळणारा मी, इथे तोंडी शब्दावर गेलो!

तेव्हापासून मी नियम केला आहे. खोल्या किती, तारखा कोणत्या, भाडे किती, आगाऊ रक्कम किती आणि बेत रद्द झाला तर परत किती, हे लेखी घ्यायचे. निघण्याच्या दोन दिवस आधी पुन्हा फोन करायचा. नाव ओळखपत्रावर आहे तसेच, अक्षर न अक्षर द्यायचे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव आणि मतदार ओळखपत्रावर दुसरे, असे फार आढळते. ते घरीच दुरुस्त करून घ्या. नेपाळला व्हिसा लागत नाही. पण 15 ते 65 वयाच्या माणसाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे, नुसते आधार कार्ड चालत नाही.

आता फोन. सोनौलीची कमान ओलांडली की आपला मोबाईल परदेशात गेला. रोमिंग मुंबईतच सुरू करून घ्यावे आणि दर विचारून ठेवावा. बँकेचे 1800 ने सुरू होणारे क्रमांक बाहेरून बहुधा लागत नाहीत. म्हणून +91 ने सुरू होणारा क्रमांक बँकेतून मागून घ्यावा व कागदावर लिहावा. मोबाईलच हरवला तर त्यात साठवलेला क्रमांक काय कामाचा? एक कागद आपल्या पिशवीत, एक सोबत्याकडे आणि एक घरी.

कार्डाची गंमत आमच्यातल्या एका ताईंनी अनुभवली. खात्यात पैसे असून भैरहव्याच्या एटीएममधून नोट निघेना. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे 2020 पासून नवे कार्ड परदेशी वापरासाठी बंदच असते. ग्राहकाने ते स्वतः चालू करायचे असते. जाण्याआधी चालू करा, रोजची मर्यादा कमी ठेवा आणि परत आल्यावर बंद करा. सगळे पैसे एका जागी ठेवू नका. नेपाळात भारतीय शंभराच्या नोटा जवळ असाव्यात. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, ते निघताना विचारावेत.

त्याच ताईंना दुसऱ्या दिवशी फोन आला, "बँकेतून बोलतोय, कार्ड सुरू करून देतो, ओटीपी सांगा." थकलेला माणूस अशा वेळी फसतो. ताईंनी फोन ठेवला, हे शहाणपण. ओटीपी आणि पिन मागणारा बँकेचा नसतो. कार्ड हरवले तर आधी बँकेला कळवून ते बंद करावे, रडणे नंतर. पैसे गेलेच तर घरच्यांनी इथून 1930 वर तक्रार नोंदवावी.

ज्यांची मुले शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला निघाली आहेत त्यांना आणखी एक गोष्ट सांगतो. दुकानातले यंत्र पौंड की रुपये असे विचारते. पौंडच निवडावेत, रुपयांत बहुधा जादा पैसे कापले जातात.

शेवटी एवढेच. लॉजची वही पुढे आली की घाईने सही करू नका. पूर्ण नाव, सुवाच्य अक्षरात लिहा. ते लिहिता यावे म्हणून कुणीतरी अपमान सोसला आहे.

जयभीम!