घरची वहिवाट : लहानपणच्या रात्री

विशी-बाविशीची मुले रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असतात व सकाळी उठता उठत नाहीत, ही तक्रार सध्या घरोघर ऐकू येते. वडील मंडळींचा निकालही ठरलेला असतो : मोबाइल आणि आळस. मोबाइलचा दोष आम्ही नाकारीत नाही. परंतु तेवढ्यावर चौकशी आटोपती घेणे आम्हांस बरोबर वाटत नाही. तरुणपणची झोप काही अंशी फार आधीच, लहानपणच्या घरात, घडून गेलेली असते.

अमेरिकेत सॅन दिएगो येथे डॉ. फेलिट्टी व डॉ. अँडा यांनी १७,००० हून अधिक प्रौढ स्त्रीपुरुषांस त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारले. मारहाण, अपमान, घरातील दारू, आईवर उगारलेला हात, आईबापांची ताटातूट, असे ते प्रश्न होते. त्यांचा पहिला वृत्तान्त १९९८ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०११ साली त्याच माहितीवरून दिसून आले की, अशा पाच वा अधिक गोष्टी ज्यांनी सोसल्या, त्यांच्यात झोप न लागण्याची किंवा मोडण्याची तक्रार अशी एकही गोष्ट न सोसलेल्यांच्या सुमारे दुप्पट होती.

यात नवल नाही. भ्यालेले मूल निजते ते एक कान उघडा ठेवून. जिन्यावर पाऊल कसे वाजते, कडी कशी पडते, यावरून पुढली रात्र कशी जाणार हे ते ओळखते. संकटात देहास सज्ज करणारा कॉर्टिसोल नावाचा स्राव रात्री ओसरावयाचा. तो वारंवार उसळत राहिला म्हणजे जागे राहणे हाच देहाचा धर्म होऊन बसतो. मग मुलगा पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात गेला, भीतीचे कारण मागे राहिले, तरी पहारा काही उठत नाही.

आमच्या नाशकात पंचवटी किंवा सराफ बाजाराकडील जुन्या वाड्यांत मुलांस स्वतंत्र खोली नसे. माजघरात आजीच्या शेजारी पाच-सहा पोरे ओळीने निजत. डास असत, गोदेला पूर येई, सिंहस्थात पाहुण्यांना जागा पुरत नसे. तरी कोणीतरी मोठे माणूस हाताच्या अंतरावर आहे एवढ्या भरवशावर डोळा लागे. गादीपेक्षा हा निर्धास्तपणाच मोलाचा. तथापि वाड्याची नुसती स्तुती आम्हांस करावयाची नाही. त्याच भिंतीपलीकडे वाटणीची भांडणे होत, नव्या सुनेला बोल लावले जात, आणि ‘मुले निजली आहेत’ या समजुतीवर वाटेल ते बोलले जाई. मुले निजलेली नसत.

आपले आजे-पणजे वार लावून जेवले व परक्याच्या ओसरीवर निजून शिकले, हे आपण अभिमानाने सांगतो. तेथे त्यांना झोप लागत होती काय, हे मात्र कोणी विचारले नाही. आज पेठ, सुरगाणा, कळवण या तालुक्यांतील आश्रमशाळांत सहा-सात वर्षांची मुले आईबापांपासून दूर निजतात. त्यांचा कारभार पाहणारे आदिवासी विकास आयुक्तालयही नाशकातच आहे. गाद्या-पांघरुणांची मोजदाद हवीच. पण मध्यरात्री दचकून उठलेल्या पोराजवळ कोण जाते, हेही तितक्याच बारकाईने पाहिले पाहिजे.

अर्थात प्रत्येक जागरणामागे जुनी जखम शोधू नये. वयात येताना शरीरातील घड्याळच तास-दोन तास मागे पडते. राज्य शासनाने २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा आदेश काढला. चांगलेच झाले, मात्र ही सवलत आठवी-नववीच्या मुलांस अधिक हवी होती!

एकत्र कुटुंबात दोन गोष्टी सहज होण्याजोग्या आहेत. मुले निजतात त्या खोलीत व तिच्या दाराशी रात्री हिशेब, वाटण्या, उणीदुणी काढू नयेत. आणि तरुण मुलगा किंवा मुलगी अपरात्री जागी आढळल्यास दिवा घालविण्याचा हुकूम सोडण्याऐवजी आजीने वा काकूने घटकाभर जवळ बसावे. उलटतपासणी करू नये. त्रास महिनोन्‌महिने चालला तर डॉक्टरांकडे जाण्यास लाजू नये. झोपेच्या गोळ्यांच्या भीतीने पुष्कळ घरे तेथवर जातच नाहीत. वस्तुतः जुनाट निद्रानाशावर वैद्यक आज पहिला मान देते तो गोळ्यांस नव्हे, तर विचार व सवयी यांना वळण लावणाऱ्या उपचारास.