नाण्याएवढा विद्युत्‌घट

खोलीची उष्णता व दमटपणा मोजणारीं, दार उघडल्याची वर्दी देणारीं चिमुकलीं सेन्सर-यंत्रें हल्लीं पुष्कळ घरांत दिसतात. त्यांच्या पोटीं बहुधा ‘सीआर २०३२’ नांवाचा नाण्याएवढा घट असतो. तो संपला म्हणजे टाकून द्यावा लागतो. म्हणून काटकसरी गृहस्थ त्याच आकाराचा, पुन्हां भरतां येणारा ‘एलआयआर २०३२’ आणतो.

परंतु आकार एक म्हणून गुणही एक, असें नव्हे. दोन्ही २० मिलिमीटर रुंद व ३.२ मिलिमीटर जाड खरे. पण पहिल्याचा दाब ३ व्होल्ट, तर दुसऱ्याचा पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. ज्या यंत्राची मर्यादा ३.६ व्होल्ट, तें यानें बिघडण्याचा संभव असतो. शिवाय पहिल्यांत सुमारें २२० मिलिअँपिअर-तास वीज मावते, दुसऱ्यांत सुमारें ४०. वर्षभर चालणारें यंत्र दोन-सव्वादोन महिन्यांतच उपाशी पडतें. तेव्हां भरतां येणारा घट, जें यंत्र त्यासाठींच योजिलेलें असेल, त्यांतच घालावा. साधा घट भरण्याचा खटाटोप तर कदापि करूं नये. तो तापून फुटण्याची भीति असते.

आतां घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस एक विनंति. असा कोणताही घट, संपलेला असला तरी, मुलानें गिळला व तो अन्ननलिकेंत अडकला, तर दोन तासांतच आंत गंभीर भाजतें. लक्षणांची वाट न पाहतां तत्काळ इस्पितळ गांठावें. काढलेल्या घटास दोन्ही बाजूंनीं चिकटपट्टी लावावी, आणि नवा-जुना प्रत्येक घट कुलुपांतच ठेवावा.