सर्व्हर डाऊन, पण नुकसान कुणाचं?

४ जून २०२४ ला लोकसभेचे निकाल लागत होते आणि सेन्सेक्स दिवसअखेर ४,३८९ अंकांनी आपटला. निकालावर आपण घरोघरी बोललो. पण त्या दिवशी अनेकांची शेअर्सची ॲप्स अडकली होती, ऑर्डर गेली की नाही तेच कळत नव्हतं. त्याची चर्चा मात्र चार दिवसांत विरली.

धुळ्यात आमच्या बचत गटातल्या एका ताईंना त्या दिवशी शेअर्स विकायचे होते. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. मदतीच्या नंबरवर गाणं वाजत होतं, चॅटवर यंत्र बोलत होतं आणि तेही इंग्रजीत. चौथ्या दिवशी उत्तर आलं, आपले इंटरनेट तपासावे. ताई म्हणाल्या, "इंटरनेट होतं म्हणून तर तुमचं गाणं सोडून चॅटवर आले ना!"

मैत्रिणींनो, हा फक्त शेअरवाल्यांचा प्रश्न राहिलेला नाही. मार्च २०२० मध्ये देशात साधारण ४ कोटी डिमॅट खाती होती, मार्च २०२४ मध्ये ती १५ कोटींवर गेली. खान्देशात बाईची पुंजी म्हणजे सोनं, नाहीतर पतसंस्थेतली ठेव. जळगावच्या रायसोनी पतसंस्थेत ठेवी अडकल्या, २०१५ मध्ये संचालकांना अटक झाली आणि ठेवीवरचा विश्वासच उडाला. मग मुलांनी मोबाइलवर खाती उघडून दिली. पण पतसंस्थेच्या दारात निदान ठिय्या तरी देता येत होता. ॲपचं दार कुठे शोधायचं? पूर्वीच्या दलालाचं ऑफिस गावात असायचं, तिथे जाऊन भांडता यायचं. आता दलाली नाममात्र, कुठे कुठे शून्य. शाखा नाही, माणसं कमी, म्हणूनच ती स्वस्त. फोन उचलणारा माणूस हाच वाचवलेला खर्च आहे, हे खातं उघडताना कुणी सांगत नाही.

बरं, ॲपच कशाला, बाजारच बंद पडल्याचं उदाहरण आहे. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले ते दुपारी पावणेचारला सुरू झाले आणि पाचपर्यंत चालले. कारण दिलं गेलं टेलिकॉम जोडण्यांतल्या बिघाडाचं. मधल्या काळात घाबरून कित्येक दलालांनी ग्राहकांचे सौदे मुंबई शेअर बाजारात मिटवून टाकले. मग इकडचा बाजार पुन्हा उघडला आणि तेजीत गेला. ज्यांचे सौदे परस्पर मिटले, ते बघत बसले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सेबीने परिपत्रक काढलं. दलालाची यंत्रणा सलग पाच मिनिटं किंवा जास्त बिघडली, तर तो तांत्रिक बिघाड धरायचा आणि शेअर बाजाराला कळवायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'इरा' नावाची सोयही सुरू झाली. दलालाची यंत्रणा ठप्प झाली तर बाजाराच्या लिंकवरून आपले उघडे सौदे मिटवता येतात, नवे करता येत नाहीत. चांगलंच आहे. पण मला खटकतं ते हे की, बिघाडाचा अहवाल दलालाने बाजाराला द्यायचा आणि नुकसान सिद्ध करायचं धुळ्याच्या बाईने! करारातली बारीक अक्षरं तर आधीच हात झटकून मोकळी झालेली असतात.

तेव्हा पुरावा आपणच जपायचा. अडकलेल्या स्क्रीनचा वेळ दिसेल असा फोटो काढा, कितीला किती शेअर्स विकायचे होते ते त्याच दिवशी मेलने कळवा. नुसता फोन पुरत नाही. दलालाने दाद दिली नाही तर सेबीच्या 'स्कोअर्स'वर तक्रार करता येते, त्यावर २१ दिवसांत कार्यवाही अपेक्षित आहे. तरीही समाधान झालं नाही तर 'स्मार्ट ओडीआर' या पोर्टलवर सलोखा आणि लवादाची वाट आहे. सेबीची हेल्पलाइन १८०० २२ ७५७५, तिथे मराठीत बोलता येतं.

आणखी एक. बहुतेक दलालांकडे फोनवरून ऑर्डर द्यायची सोय असते, कुठे कुठे तिचे वेगळे पैसे पडतात. तो नंबर आजच शोधून फ्रिजवर चिकटवा. ॲप बंद पडल्यावर ॲपमध्ये लिहिलेला नंबर कुठून काढणार?