तिथीची पाऊणपट
मालवणच्या पोरांना विज्ञानाचं एक साहित्य फुकट मिळतं: भरती. दर्यावर्दी जुनी माणसं तिची वेळ तोंडी काढत. तिथीची पाऊणपट करायची. म्हणजे अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला. भिंतीवर कालनिर्णय असतंच. पोराला संगती घेऊन धक्क्याच्या पायरीवर बसा आणि पाणी सगळ्यात वर कधी आलं ते त्यालाच वहीत लिहू द्या. पंधरवड्यात दिसेल की भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, कारण पृथ्वीची गिरकी पुरी होईतो चंद्रही पुढे सरकलेला असतो. आजोबांचं गणित मात्र कधीकधी घड्याळाशी भांडेल. तिथं लगेच उत्तर सांगू नका (मोबाइलवर भरतीचा तक्ता आहे, पण तो दाखवलात की खेळ संपला). सूर्याची ओढ, वारा, की सूर्योदयाची तिथी धरण्यातली गफलत? पोरानं वहीतूनच ताडून बघावं. पावसाळ्यात पोरं पाण्याकडे न्यायचीच नाहीत. तेव्हा पातळ केलेल्या कोकमाच्या आगळात खाण्याचा सोडा थोडाथोडा टाकावा, लाल रंग कुठं जातो ते बघावं, आणि लिंबू पिळल्यावर तो परत येतो का, तेही.