आकाशाचे दोन साक्षीदार

करी रोडच्या फलाटावर उभे राहून जलद गाडी जाताना ज्याने ऐकली आहे, त्याला डॉप्लर परिणाम निराळा शिकवावा लागत नाही. गाडी जवळ येत असता तिचा भोंगा चढ्या स्वरात ऐकू येतो आणि ती समोरून पुढे निघून जाताच तोच स्वर उतरतो. लालबाग-परळच्या चाळींत वाढलेल्या माझ्या पिढीने हा स्वरबदल हजारो वेळा ऐकला. परंतु याच तत्त्वाच्या आधारे लक्षावधी प्रकाशवर्षे दूर असलेली दीर्घिका किती वेगाने फिरते हे मोजता येते, असे आम्हांला शाळेत कोणी सांगितले नव्हते. मी इतिहासाची शिक्षिका. तरीही शाळेच्या स्मरणिकेत या विषयावर लिहावेसे वाटले, याला एक प्रसंग कारण झाला.

एके सायंकाळी वसतिगृहातील दहावीची एक मुलगी मला मोठ्या उत्साहाने सांगत होती, की विश्वातील बहुतांश पदार्थ डोळ्यांना दिसतच नाही, त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. मी सहज विचारले, "हे कशावरून?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, पुस्तकात दिलंय." तिचे उत्तर चुकीचे नव्हते, परंतु त्याने मी अस्वस्थ झाले. तिच्याजवळ निष्कर्ष होता, पुरावा नव्हता. 'ग्रंथात आहे म्हणून खरे' या एका वाक्याने आपल्या पूर्वजांचे किती नुकसान केले, हे या शाळेत तरी कोणाला सांगण्याची गरज नाही. मग ग्रंथाच्या जागी विज्ञानाचे पाठ्यपुस्तक आले, एवढ्याने काय साधले?

म्हणून तो पुरावा येथे थोडक्यात मांडते. दीर्घिकेतील तप्त हायड्रोजन वायू ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा विशिष्ट तांबडा प्रकाश देतो. फिरणाऱ्या दीर्घिकेची एक बाजू आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. दुर्बिणीला वर्णपटमापक जोडून पाहिले, की येणाऱ्या बाजूची ही वर्णरेषा निळ्या टोकाकडे आणि जाणाऱ्या बाजूची तांबड्या टोकाकडे किंचित सरकलेली दिसते. सेकंदाला २०० किलोमीटर वेग असेल, तर हे सरकणे दीड हजारांत एक भाग इतके सूक्ष्म असते. शिवाय संपूर्ण दीर्घिकेची स्वतःची गती वजा करावी लागते आणि तिची चकती आपल्या दिशेला किती कललेली आहे, याचाही हिशेब धरावा लागतो. एवढे केल्यावरच केंद्रापासून कोणत्या अंतरावर किती वेग आहे, याचा आलेख हाती येतो.

हा आलेख कसा असायला हवा होता? आपल्या सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे ४८ किलोमीटर वेगाने फिरतो, पृथ्वी ३० आणि दूरचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. बहुतेक सारे वस्तुमान मध्यभागी असले, की अंतर वाढेल तसा वेग घटत जातो. दीर्घिकेचा बहुतेक प्रकाशही मध्याकडे एकवटलेला असतो. तेव्हा कडेचे तारे मंद गतीने फिरत असणार, अशी अपेक्षा होती. अमेरिकेत व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतील ६७ वायुमेघांचे वेग मोजून १९७० साली प्रसिद्ध केले. कडेकडे जाताना अपेक्षेप्रमाणे वेग घसरलेला नव्हता. पुढे कितीतरी दीर्घिकांमध्ये हेच आढळले. अंतर दुप्पट झाले आणि वेग तोच राहिला, तर त्या कक्षेच्या आतील वस्तुमानही दुप्पट असले पाहिजे, असे गुरुत्वाकर्षणाचे गणित सांगते. प्रकाश तर तेथे संपत आलेला असतो. मग हे वस्तुमान कशाचे? ज्या रुबिनबाईंनी हा प्रश्न जगापुढे ठामपणे ठेवला, त्यांच्या तारुण्यात पालोमारच्या विख्यात वेधशाळेत स्त्रियांना अधिकृतपणे निरीक्षणाची मुभा नव्हती. त्यांना ती १९६५ मध्ये मिळाली. दार उघडण्याने केवळ एका व्यक्तीचा लाभ होत नाही, ज्ञानाचाही होतो, हे आपण ध्यानात ठेवावे.

परंतु एकाच साक्षीदारावर निकाल द्यायचा नाही, हा इतिहासाचाही नियम आहे. ताऱ्यांचा प्रकाश जेथे संपतो, त्याच्या पलीकडचे काय? तेथे दुसरा साक्षीदार पुढे येतो. थंड हायड्रोजन वायू डोळ्यांना दिसत नाही, मात्र तो २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. डच शास्त्रज्ञ व्हान दे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये हे भाकीत केले आणि १९५१ मध्ये त्या लहरी प्रत्यक्ष टिपल्या गेल्या. हा वायू बहुधा ताऱ्यांच्या चकतीच्या बराच पलीकडे पसरलेला असतो. त्याच्या लहरींतील बदल मोजून काढलेले आलेखही कडेला सपाटच राहिले. साधने वेगळी, लहरी वेगळ्या, मोजणारे वेगळे आणि साक्ष मात्र एकच. म्हणून तिला वजन आले.

या साक्षीचा एक महत्त्वाचा भाग महाराष्ट्रात नोंदला गेला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६३ साली रुजू झालेल्या गोविंद स्वरूप यांनी आपल्या मध्य रेल्वेवरच्या कल्याणला १९६५ मध्ये ३२ छोट्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारली. त्याच परंपरेतून पुढे जुन्नर तालुक्यात खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरलेल्या आहेत. लहर लांब असली की बारकावे टिपण्यासाठी दुर्बीणही प्रचंड लागते, आणि दूरदूरच्या तबकड्या एकत्र जोडून ती गरज भागवली जाते. याच दुर्बिणीतून आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय मंद अशा बटु-दीर्घिकांचे वेध घेतले. त्यांपैकी एनजीसी ३७४१ या दीर्घिकेचा वायू तिच्या दृश्य भागाच्या आठपटींहून दूर पसरलेला त्यांना आढळला. नारायणगावच्या द्राक्षबागांशेजारून एवढ्या दूरची चकती फिरताना नोंदली गेली!

येथे एक सावधगिरी सांगणे कर्तव्य समजते. कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे, हे अजून कोणालाही ठाऊक नाही. पदार्थ वाढवण्याऐवजी गतीचा नियमच सुधारावा, असे मत मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये मांडले आणि तो वाद मिटलेला नाही. अशा वेळी 'हे तर आमच्याकडे पूर्वीच सांगितले होते' असे म्हणण्याचा मोह प्रत्येक परंपरेला होतो. तो आपल्यालाही होतो, हे मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांवरून दिसते. तथागतांना अशा प्रमाणपत्राची गरज नाही. 'ये आणि पाहा' असे सांगणाऱ्या धम्माच्या अनुयायांनी तरी न पाहिलेल्या गोष्टीचे श्रेय घेऊ नये.

दरवर्षी आपण मुलांना जुन्नरची लेणी पाहायला नेतो. तेथील दानलेख वाचताना मी त्यांना सांगते, की लिपीचे वळण एक साक्ष देते, नाणी दुसरी देतात आणि दोन्ही जुळल्यावरच काळ ठरतो. त्याच तालुक्यात खोडद आहे. गिरवलीच्या डोंगरावर पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटर आरशाची प्रकाशीय दुर्बीण २००६ पासून आहे. तेव्हा माझी सूचना अशी की ही सहल दोन दिवसांची करावी. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीला, खोडदला सर्वसामान्यांसाठी प्रदर्शन भरते. एक दिवस लेण्यांना आणि एक दिवस त्या तबकड्यांना द्यावा. खर्चाचा भार माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. कमान आणि फलक यांवर आपण यापूर्वी कमी खर्च केलेला नाही.

पालकांनाही एक विनंती. मूल जेव्हा 'हे कशावरून?' असे विचारील, तेव्हा त्याला उद्धट समजू नका. जुन्या सीडीवर ट्यूबलाइटचा प्रकाश तिरपा घेतला, तर त्यातले वेगवेगळे रंग सुटे दिसतात. हा वर्णपटाचा पहिला धडा चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतही होतो. त्या मुलीला मी तेवढेच करायला सांगितले. दुसऱ्या दिवशी ती धावत आली आणि म्हणाली, "मॅडम, हिरवी रेघ वेगळी दिसली. मी पाहिली." पुस्तकाचे नाव तिने या वेळी घेतले नाही.