सेल्फ लागत नाही? आधी दिवे लावून पाहा



रान वाफशावर आले आहे, बी-खत बांधावर पोचले आहे, माणसे खोळंबली आहेत आणि नेमका त्याच सकाळी जुना ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही. कोणी म्हणतो बॅटरी गेली, कोणी म्हणतो सेल्फ जळला. उसनवारी करून नवी बॅटरी आणली जाते आणि चार दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. खरा दोष पुष्कळदा एखाद्या गंजलेल्या जोडात असतो. म्हणून खर्चाआधी तपासणी करा.

गिअर न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक लावा. समोरचे दिवे लावून चालकाच्या जागेवर बसूनच सेल्फ मारा. दिव्यांकडे घरातल्या कोणालातरी बाजूला उभे राहून पाहू द्या.

दिवे मुळातच मंद असले किंवा सेल्फ मारताच विझू लागले, तर बॅटरी उतरली आहे किंवा जोड खराब आहेत. सेल्फला शेकडो अँपिअर प्रवाह लागतो. दिव्यापुरता प्रवाह देणारा सैल जोड तेवढा प्रवाह देऊ शकत नाही. सेल्फ मारल्यावर जो जोड हाताला गरम लागेल, तिथे दोष समजा.

सफाई करताना ट्रॅक्टरच्या अंगाला बोल्टने जोडलेली अर्थची वायर आधी काढा आणि शेवटी बसवा. पोलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. पोल व क्लॅम्प पॉलिश पेपरने घासा, आवळून बसवा आणि वरून व्हॅसलिन लावा. अर्थच्या बोल्टाखालचा गंज व रंगही खरवडून काढा. हा जोड बहुतेकजण विसरतात.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर गॅरेजमध्ये हायड्रोमीटरने बॅटरीचे पाणी तपासून घ्या. 1.260 ते 1.280 म्हणजे बॅटरी भरलेली, 1.200 च्या खाली गेली तर चार्जिंगला द्या. चार्जिंगनंतरही एखाद्या घरातील आकडा इतरांपेक्षा 0.050 ने कमी राहिला, तरच नव्या बॅटरीचा विचार करा. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बॅटरीजवळ विडी-काडी नको. तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो.

दिवे लख्ख राहिले, पण नुसता 'टक' आवाज आला, तर सोलनॉइडचे पॉइंट किंवा सेल्फचे कार्बन झिजलेले असू शकतात. हे काम मिस्त्रीचे. दिवे लख्ख आणि आवाजच नाही, तर फ्यूज, चावीचा स्विच आणि सोलनॉइडकडे जाणारी बारीक वायर पाहा. काही ट्रॅक्टरांत गिअर न्यूट्रलला नसला किंवा क्लच पूर्ण दाबला नाही तर सेल्फ लागतच नाही. ती बिघाडाची नव्हे, सुरक्षेची सोय आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. घाईच्या वेळी खाली उभे राहून सेल्फच्या दोन टोकांवर पेचकस टेकवून ट्रॅक्टर सुरू करण्याची सवय अनेकांना आहे. अशाने सुरक्षेची सोय बाजूला पडते. गिअर पडलेला असेल तर इंजिन लागताक्षणी ट्रॅक्टर पुढे सरकतो, आणि तुम्ही उभे असता नेमके मागच्या मोठ्या चाकापुढे. अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. धाकटी मुले हे पाहून शिकतात, हेही ध्यानात ठेवा. सेल्फच्या टोकांवरील झाकण निघाले असेल तर आजच बसवून घ्या.

पेरणीच्या आठ दिवस आधी हे जोड घासून ठेवा. एक दिवस पेरणी लांबली तर पीक सांभाळून घेता येते. घरचा माणूस गेला तर ती उणीव भरून निघत नाही.