बॅटरी मरत नाही, मारली जाते

संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर मी गावाबाहेरच्या एका रिसॉर्टमध्ये जमाखर्च लिहितो. गेल्या वर्षी तेथील वहीत दोन नोंदी मी स्वतःच्या हाताने केल्या. पहिली : 'गाडीच्या बॅटऱ्या, नवा संच, रु. ७२,०००'. दुसरी : 'वॉचमनकडून वसुली, दरमहा रु. १,०००'. पहिली नोंद करताना मला काही वाटले नाही. दुसरी करताना मात्र पेन अडले. त्या अडलेल्या पेनातूनच हा लेख निघाला आहे.

पाहुण्यांना फाटकापासून खोलीपर्यंत नेणाऱ्या त्या गाडीला कागदोपत्री 'गोल्फ कार्ट' म्हणतात. गोल्फ तेथे कोणी खेळत नाही. आम्ही सगळे तिला 'बॅटरीची गाडी' म्हणतो. तिच्या सीटखाली आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या असतात, मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट. शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेले गंधकाम्ल, हीच त्यांची घडण. फ्रान्समध्ये प्लांते यांनी १८५९ मध्ये अशी बॅटरी प्रथम बनविली. असा संच नीट राखला तर चार-पाच वर्षे चालतो. आमचा अठरा महिन्यांत संपला. रात्री गाडी चार्जिंगला लावणे आणि पाणी पाहणे हे काम वॉचमन अण्णांकडे होते, म्हणून दोष त्यांच्या माथी आला.

अण्णा शिक्षा मुकाट्याने सोसत होते. मी एकदा विचारले, तेव्हा एवढेच म्हणाले, "नीरु अंद्रु, नीरु हाकिदे." पाणी म्हणाले, पाणी घातले. बोअरवेलचे घातले, आणि तेही काठोकाठ, चार्जिंगच्या आधी.

चूक झाली यात शंका नाही. बॅटरी चार्ज होताना पाण्याचे विघटन होऊन वायू निघून जातात. पाणी घटते, आम्ल आतच राहते. म्हणून भर घालायची ती फक्त ऊर्ध्वपातित पाण्याची. आम्लाची कधीच नाही. बोअरच्या पाण्यातील क्षार पट्ट्यांचा नाश करतात. चार्ज होताना आतील द्रव फुगतो, म्हणून आधीच काठोकाठ भरले तर आम्ल उतू जाते आणि खालचा लोखंडी सांगाडा गंजतो. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतेच पाणी आधी घालावे. बाकीची भर चार्जिंग पूर्ण झाल्यावर.

पण हे सारे लिहिले होते कोठे? सीटच्या झाकणाखाली एक कागद चिकटविलेला होता. तो इंग्रजीत! अण्णांना कन्नड वाचता येते, मराठी बोलता येते. इंग्रजीचे अक्षर त्यांच्या ओळखीचे नाही. मी स्वतः दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. 'ऊर्ध्वपातन' हा शब्द मला विज्ञानाच्या पुस्तकामुळे ठाऊक आहे, पण बाजारात तो कोणी वापरत नाही. दुकानात 'बॅटरीचे पाणी' मागावे तर काही जण ऊर्ध्वपातित पाणी देतात, आणि काहींना त्याच शब्दाने आम्ल अभिप्रेत असते. जेथे शब्दच असा निसरडा, तेथे 'पाणी बघत जा' एवढी तोंडी सूचना म्हणजे सूचना नव्हेच.

अण्णांच्या चुकीपेक्षा मोठ्या चुका दुसऱ्यांनी केल्या होत्या, आणि त्यांची नोंद कोणत्याही वहीत नाही. संच नवा आला त्या दिवशी लग्नाची गर्दी होती. चार्ज न करताच बॅटऱ्या बसविल्या आणि गाडी बंद पडेपर्यंत पळविली. नव्या बैलाला पहिल्याच दिवशी खोल नांगरटीला कोणी जुंपत नाही. नवी बॅटरी आधी पूर्ण चार्ज करावी लागते, आणि तिची पूर्ण ताकद काही डझन फेऱ्यांनंतर येते. तोवर तिला हलक्या कामावर ठेवावे. पुढेही निम्म्याहून फारशी रिकामी होऊ न देता चार्जिंगला लावणे उत्तम. अर्धवट रिकामी असताना लावल्याने नुकसान होते हा समज या बॅटरीच्या बाबतीत खोटा आहे. नुकसान होते ते रिकामी ठेवल्याने. तशी पडून राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. पावसाळ्यात पाहुणे नसतात म्हणून गाडी दोन महिने तशीच उभी होती. ती उभी ठेवण्याचा हुकूम अण्णांचा नव्हता.

पुढे एक बॅटरी बिघडली, तेव्हा पाच जुन्यांत एक नवी बसविली. सहाही बॅटऱ्या एकाच माळेत ओवलेल्या असतात. जोडीतला एक बैल दमलेला असला की दुसऱ्यालाही ओढ बसते, तसे झाले. काटकसर म्हणून केलेली ही खरेदीही वाया गेली.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे वाणिज्याकडे वळतो. बहात्तर हजारांचा संच चार वर्षे चालला तर महिन्याला दीड हजार पडतात. अठरा महिन्यांत गेला तर चार हजार. फरक अडीच हजारांचा. ऊर्ध्वपातित पाण्याचा पाच लिटरचा डबा शे-दीडशे रुपयांना मिळतो. आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटरही महाग नाही. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत तो १.२७ च्या आसपास आकडा दाखवितो, आणि सहांपैकी एखादी मागे पडत असेल तर आधीच सावध करतो. 'देखभाल' हे खाते आपण खर्चाच्या बाजूला लिहितो आणि मंदी आली की प्रथम त्यालाच कात्री लावतो. वर्गात आपण घसारा काढायला शिकतो, पण घसारा दर वर्षी आपोआप येतो असे मानून. घसारा किती यावा हे बऱ्याच अंशी माणसाच्या हाती असते, हे मला त्या सीटखाली डोकावल्यावर कळले.

कोणी म्हणेल, आता लिथियमच्या बॅटऱ्या आल्या, त्यांना पाणी लागत नाही, मग हा खटाटोप कशाला? त्यांनाही योग्य चार्जर लागतो, त्यांचेही नियम आहेत, आणि ते नियमही इंग्रजीतच छापून येतील. शिवाय आपल्यापैकी कित्येकांच्या घरी इन्व्हर्टरखाली हीच शिशाची बॅटरी बसलेली आहे. तिचे पाणी शेवटचे कधी पाहिले, हे वाचकांनी स्वतःच्या मनाला विचारावे. खोलीची खिडकी उघडी असते का, तेही पाहावे. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरे होते. तेथे विडी ओढू नये हे सांगण्यासाठीही कागद वाचता यावा लागतो.

१९५६ पासून आपल्या बेळगावात भाषेवरून काय काय झाले ते मी सांगायला नको. फलकावर कोणते अक्षर वर असावे यावर आपण तावातावाने बोलतो. पण ज्या कागदावर एका गरीब माणसाचा पगार आणि डोळे अवलंबून आहेत, तो मराठीतही नाही आणि कन्नडातही नाही, याबद्दल कोणत्याच बाजूला राग नाही. माझ्या मते भाषेचा अभिमान फलकावर दिसतो त्याहून अधिक अशा सीटखालच्या कागदावर दिसला पाहिजे.

मी एक लहानसे काम केले. त्या सूचना दोन्ही भाषांत हाताने लिहून चार्जिंगच्या शेडमध्ये लावल्या. 'ऊर्ध्वपातित' लिहून खाली 'डिस्टिल्ड' लिहिले. कन्नडात 'बट्टी इळिसिद नीरु'. अण्णांनी बोट ठेवून सगळे वाचले आणि विचारले, "हा कागद आधी का नव्हता?" मला उत्तर देता आले नाही. मी वर दिलेला हिशेब मालकांपुढे ठेवला. पुढची वसुली त्यांनी थांबविली. कापलेले दोन हजार मात्र अजून परत मिळालेले नाहीत. वहीत ती नोंद तशीच आहे आणि मी दर महिन्याला तिची आठवण देतो.

या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे. आपण दोन्ही विभागांतील दहा जणांनी मिळून सुट्टीत एवढेच करावे : यंत्रांवरच्या, औषधफवारणीच्या डब्यांवरच्या, बॅटऱ्यांवरच्या सूचना सोप्या मराठीत आणि सोप्या कन्नडात लिहून ज्याच्या हातात ते काम आहे त्याला द्याव्यात. पुढच्या वेळी दोष देण्याआधी निदान एवढे तरी विचारता येईल, की त्याला वाचता येईल असे आपण काही लिहून दिले होते का?